‘फिरवणे’ आणि ‘बसणे’: चिक्कोडी तालुक्यातील एक मुलगी आणि एक घोडी

हे प्रकरण कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या चिक्कोडी तालुक्यातील एका मराठी भाषक शेतकरी कुटुंबाचे आहे. मी त्या गावाच्या माध्यमिक शाळेत शिकवते आणि या घरातील थोरली मुलगी आठवी ते दहावी माझ्या वर्गात होती, त्यामुळे पुढील बहुतेक गोष्टी मी स्वतः पाहिलेल्या किंवा त्या घरातील बायकांच्या तोंडून ऐकलेल्या आहेत. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. घोडेस्वारीकडे मुलगे का वळतात आणि मुली का वळत नाहीत, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा आवडीचा किंवा धाडसाचा म्हणून मांडला जातो. या घरात तो मला वेगळा दिसला. येथे घोड्याची आवड आणि घोड्याची जाण मुलीकडे होती, आणि मांड मात्र मुलाच्या वाट्याला आलेली होती.

कुटुंबाची शेती उसाची. दावणीला दोन म्हशी आणि एक घोडी. बापाला घोडागाडीच्या शर्यतीचा नाद होता. कृष्णा-दूधगंगेच्या या पट्ट्यात, निपाणी-चिक्कोडीपासून पलीकडे कागल-मिरजेपर्यंत, गावोगावच्या यात्रेत अशा शर्यती होतात आणि राज्याची सीमा त्यांना फारशी आड येत नाही. घोडी अकलूजच्या घोडेबाजारातून आणलेली होती. रंगाने कुमाईत म्हणजे तांबूस, गळ्याखाली देवमण म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, स्वभावाने जरा दचकी. एकदा हौसेने तिला उसाच्या वजनकाट्यावर उभे केले तेव्हा ती दोनशे ऐंशी किलो भरली होती. हा आकडा येथे महत्त्वाचा आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या भागापेक्षा अधिक भार पाठीवर नसावा, असा जाणकारांचा साधारण नियम आहे. त्या हिशेबाने या घोडीला छप्पन्न किलोंपर्यंतचा भार चालला असता. बापाचे वजन अठ्ठ्याहत्तर, म्हणजे तो बादच. मुलगा दहा वर्षांचा, अंगाने किरकोळ. त्याचे पाय घोडीच्या कुशीला धड पोचत नव्हते. मुलगी तेरा वर्षांची आणि एकेचाळीस किलोंची. निव्वळ घोडीच्या सोयीने निवड झाली असती, तर स्वार कोण व्हावा याविषयी घरात चर्चाच उरली नसती.

पहाटे साडेपाचला उठून खरारा करणे, लीद काढणे, वैरण टाकणे आणि पाणी दाखवणे ही कामे मुलीची होती. एवढ्या आकाराच्या जनावराला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा आणि तीस लिटरांच्या आसपास पाणी लागते. म्हशींच्या पाण्याबरोबर तेही तिनेच आडावरून ओढायचे, हे कोणी ठरवून दिलेले नव्हते. ते आपसूक ठरलेले होते. दर दीड महिन्याने नालबंद येई आणि सायकलवरून उतरायच्या आधी विचारी, “ताई हाय काय घरात?” ती नसेल तर तो पिशवी उघडत नसे. मी एकदा ते दृश्य पाहिले आहे. मुलीने डावा खांदा घोडीच्या फऱ्याला टेकवला, हाताने नळी खालपर्यंत चोळत नेली आणि खूर न ओढता नुसता दोन बोटांनी दाबला. घोडीने पाय स्वतःहून उचलून तिच्या मांडीवर ठेवला. तिचा भाऊ तेव्हा लांब कट्ट्यावर चाबूक घेऊन बसला होता. नालबंद त्याच्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, “मालक, तुम्ही तिकडंच बसा.” शब्द थट्टेचाच होता, पण मालक कोण हे त्याने बरोबर ओळखले होते.

मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार; ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर. दोघेही स्वारच, पण एकाच्या हातातून घोडा कधीही काढून घेता येत असे. या दोघांच्याही खाली तिसरा माणूस असे, तो घोड्याची निगा राखणारा मोतद्दार. घोड्याची सारी खबर त्याला, आणि पाठ मात्र परक्याची. ही मुलगी मोतद्दार होती, आणि पुढे दोन वर्षांत ती फार तर बारगिरापर्यंत पोचली.

प्रकरणाला वळण लागले ते गळिताच्या हंगामात. मुलगा घोडीवर बसून कारखान्याच्या रस्त्याने चालला असता, मागून दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून आला. घोडी बुजली, मुलगा पडला आणि त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. त्याला निपाणीला नेऊन पट्टा बांधून आणला. दुसऱ्या दिवशी मी विचारपूस करायला गेले, तेव्हा बाप ओसरीवर पोराचे कौतुक करत होता. “पडल्याबिगार कोण सवार झालाय वो बाई? म्हैनाभरात परत बसतोय बघा.” त्याच बैठकीत, त्याच सुरात, चहा घेऊन आलेल्या मुलीकडे बघून तो म्हणाला, “आणि तू लगामाला हात लावू नकोस आता. भावाचं काय झालं बघितलीस न्हवं?” पडणे एकच होते. मुलासाठी ते शिक्षणातील पहिली पायरी ठरले आणि मुलीसाठी तोच शिक्षण बंद करण्याचा पुरावा झाला. बापाला यातील विसंगती जाणवली नाही. खरे सांगायचे तर मलाही ती तेव्हा जाणवली नाही; घरी आल्यावर जाणवली.

आई या बाबतीत अधिक स्पष्ट होती. ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, “हाड जुळतंय बाई, पण उद्या पाव्हण्यांस्नी सांगाय लागतंय.” हे वाक्य मी विसरलेले नाही, कारण यात भीती अपघाताची नसून स्थळांच्या चौकशीची आहे. जुळलेले हाड मुलाच्या अंगावर पराक्रमाची खूण म्हणून राहते आणि मुलीच्या अंगावर ते सांगण्याजोगे वैगुण्य होते. आजीचे म्हणणे याहून दबक्या आवाजातील होते. मुलीने दोन्हीकडे पाय टाकून बसू नये, त्याने “आतलं बिघडतं”, असे तिने मला बाजूला घेऊन सांगितले. कौमार्य शरीराच्या तपासणीतून कळते या समजुतीला वैद्यकीय आधार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये इतर संस्थांसह जाहीरपणे सांगितलेले आहे. मीही ते आजीला माझ्या शब्दांत सांगितले आणि तिने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. मात्र तिच्याच सुनेने माझ्या देखत एक बिनतोड प्रश्न विचारला: मग पोरगी रोज सायकलवर तंगडी टाकून चार किलोमीटर शाळेला जाते ती कशी चालते? कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून आठवीच्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा या भागात बसण्याच्या पद्धतीवरून फारशी कुरकुर झाली नव्हती. सायकल शाळेत नेते आणि वेळेवर घरी आणते. घोडा मैदानात नेतो. हरकत तंगडी टाकण्याला नव्हती, जाण्याच्या ठिकाणाला होती.

वेशभूषेचे कारणही येथे तपासून पाहण्यासारखे आहे. युरोपात घोळदार झग्यामुळे बायकांसाठी एका अंगाला दोन्ही पाय सोडून बसायचे वेगळे खोगीर प्रचारात आले. आपल्या कासोट्याच्या लुगड्याला तशी गरज नव्हती. बेलवडीची मल्लम्मा, जिचे १६७८ च्या सुमारास मराठी फौजेशी झुंजणे दोन्ही भाषांच्या परंपरेत आदराने सांगितले जाते, ती याच जिल्ह्याच्या बैलहोंगल भागातील. काकतीत जन्मलेली कित्तूरची राणी चन्नम्मा लहानपणीच घोड्यावर बसायला शिकली, असे येथील प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. म्हणजे स्त्रीने रिकिबीत पाय ठेवणे या मातीला अपरिचित नाही. त्या स्त्रियांच्या मागे मात्र संस्थानाची पागा होती. आमच्या शाळेत दर ऑक्टोबरला, कित्तूर उत्सवाच्या सुमारास, एका मुलीला चन्नम्मा करून पुठ्ठ्याच्या घोड्यात उभे करतात. ती निवड मी अनेक वर्षे केली आहे. जिचा आवाज मोठा आणि जिला कन्नड संवाद स्पष्ट म्हणता येतात ती मुलगी मी निवडत असे. खरा घोडा कोणाला हाकता येतो, हे मी वर्गात एकदाही विचारले नव्हते.

आणखी एक गोष्ट या तालुक्यात कोणालाही टाळता येत नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व चिक्कोडी तालुक्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून जातात. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास सोहळ्याला आजचे रूप दिले तेव्हापासूनची ही परंपरा आहे. दोन अश्वांपैकी एक माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. दुसऱ्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. ज्येष्ठात अश्व अंकलीहून आळंदीकडे चालत निघतात, तेव्हा वाटेवरच्या गावांत बायका पाण्याच्या घागरी आणि आरतीची ताटे घेऊन उभ्या राहतात. रिंगणात डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका गोल धावतात, त्यानंतर अश्व दौडतात, आणि मग त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला स्त्री-पुरुष सारेच झेपावतात. ज्याच्या पाठीवर कोणीच बसत नाही असा घोडा सर्वांत पूज्य, हे मला नेहमी सुंदर वाटत आलेले आहे. आमची मुलगी दरवर्षी वाटेवर उभी राहून त्या अश्वांचे काय पाहत असे, हे विचारल्यावर तिने भक्तीचे काही न सांगता एवढेच सांगितले, की इतक्या लांबच्या वाटेने खुरांची झीज कशी होत असेल आणि नाल कुठे बदलत असतील.

आता घरातील भाषेविषयी. मुलगा पट्ट्यात होता तोपर्यंत तीन आठवडे घोडी दावणीला उभी राहिली. ‘भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला’ या जुन्या कोड्याचे उत्तर आपल्याकडे सर्वांना पाठ असते: न फिरवल्यामुळे. घोडी अंग टाकेना, तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) उडवी, दोनदा पिछाडी (मागच्या पायांचा दोर) तोडली. शेवटी बापानेच एके सकाळी तोंड फिरवून मुलीला सांगितले, की जरा फिरवून आण. ती सुरुवातीला लगाम धरून चालवत नेई. चार दिवसांनी उसाच्या पाणंदीत, घराच्या नजरेआड, पाठीवर पोते टाकून बसू लागली. आठवड्याने ते सर्वांना ठाऊक झाले आणि कोणीच काही बोलले नाही. मात्र त्या दिवसापासून घरात दोन क्रियापदे रूढ झाली. मुलगा घोड्यावर ‘बसतो’. मुलगी घोडी ‘फिरवती’. दोघे तेच करत होती, किंबहुना मुलगी ते अधिक चांगले करत होती. दुडकीत तिची कंबर घोडीच्या पाठीबरोबर हलत असे आणि लगामाचा दोर सैल राहत असे. पण ‘फिरवणे’ हे काम आहे, वैरण टाकण्यासारखे, आणि काम करायला मुलीला कधीच परवानगी लागत नाही. ‘बसणे’ हा मान आहे.

याच सुमारास मला भाषेतील दुसरी एक गोष्ट खटकू लागली. दहावीच्या वर्षी तिची उंची झपाट्याने वाढली, तेव्हा शेजारणी तिला “एवढी घोडी झालीस, अजून रानात हिंडतीस” असे बोलत. लग्न लांबलेल्या मुलीला आपण घोडनवरी म्हणतो. ज्या वयात मुलीला घोड्यावरून उतरवले जाते, नेमके त्या वयात तिला घोडी म्हणायला सुरुवात होते.

तुलनेसाठी मी एका रविवारी बेळगाव शहरात, ओळखीच्या कुटुंबाबरोबर, घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका वर्गाला गेले. तेथील रिंगणात त्या सकाळी नऊ मुले होती आणि त्यांतील सहा मुली होत्या. डॉक्टरांच्या, लष्करी अधिकाऱ्यांच्या, फाउंड्रीमालकांच्या मुली. डोक्यावर शिरस्त्राण, पायात लांब बूट, कुंपणाबाहेर गाडीत बसलेली आई. तेथे घोड्याला खरारा करायला, खोगीर चढवायला आणि लीद काढायला पगारी माणूस होता. म्हणजे आमच्या गावात जे मुलीच्या वाट्याचे ते तेथे नोकराच्या वाट्याचे, आणि आमच्याकडे जे मुलाच्या वाट्याचे ते तेथे मुलींच्या वाट्याचे. एका मुलीला मी विचारले, की घोड्याचा नाल कधी बदलतात. तिला ठाऊक नव्हते. हा तिचा दोष नाही. तिला ते कोणी शिकवलेलेच नव्हते.

एका सकाळवरून निष्कर्ष काढणे योग्य नाही, परंतु जे तेथे दिसले ते इतर देशांत घडलेल्या बदलाशी जुळते. ऑलिंपिकमधील अश्वारोहण दीर्घकाळ जवळजवळ सैन्याधिकारी पुरुषांपुरते होते. १९४८ च्या स्पर्धेत स्वीडनच्या संघाने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात, मिळवलेले सुवर्ण पुढे काढून घेतले गेले, कारण संघातील एक स्वार खरा अधिकारी नव्हता. १९५२ मध्ये हेलसिंकीत स्त्रियांना ड्रेसाजमध्ये उतरता आले आणि पोलिओमुळे गुडघ्यांखाली पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी त्याच वर्षी रौप्यपदक जिंकले. उड्यांच्या प्रकारात स्त्रिया १९५६ मध्ये आल्या, तिहेरी कसोटीच्या प्रकारात १९६४ मध्ये. आज या खेळात स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत एकमेकांसमोर उतरतात, आणि स्वीडनसारख्या देशात हौशी स्वारांत बहुसंख्या मुली आणि स्त्रियांची आहे. सैन्याने आणि शेतीने घोडा सोडला, तो तबेल्यात आला, त्याची निगा हेच मुख्य काम उरले, तेव्हा तेथे मुली आल्या. पुरुषांची आवड अचानक आटली असे मला वाटत नाही. घोड्यावरून मिळणारा मान दुसरीकडे, मोटारीकडे, गेला. आमच्या पट्ट्यात तो अजून गेलेला नाही. येथे घोड्यावर बक्षीस आहे, वरात आहे, जत्रा आहे. जोवर घोड्यावर चारचौघांत मान मिळतो, तोवर त्याची पाठ मुलीला सहज मिळणार नाही.

संस्थांचा मार्ग पूर्ण बंद होता असेही नाही. कित्तूर येथे १९६९ पासून मुलींची निवासी सैनिकी शाळा आहे आणि तेथे घोडेस्वारी शिकवतात. प्रवेश सहावीत, परीक्षेतून. मी हे सुचवले तेव्हा मुलगी नववीत होती. तीन वर्षे उशीर, आणि तो उशीर मुख्यतः माझा. पाचवीच्या वर्गात जाऊन ही माहिती सांगण्याचे काम कोणाचे, हे आमच्या शाळेत ठरलेलेच नव्हते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यांतील सतरा जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या, ही बातमी मी वर्गात वाचून दाखवली. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण भारताला मिळाले. घोडेस्वारीत एक्केचाळीस वर्षांनी मिळालेल्या त्या सुवर्णाच्या चौघांत सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह या दोन मुली होत्या. माझ्या विद्यार्थिनीने तो फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “बाई, घोडं त्यांचं स्वतःचं हाय?” प्रश्न अगदी जागेवरचा होता.

दहावीच्या परीक्षेआधी, माघात, घोडी विकायचे ठरले. उसाचे बिल लांबले होते आणि मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालायचे होते. मिरजेकडचे गिऱ्हाईक आले, बरोबर दोन माणसे आणि एक पोरगा. त्यांनी दात पाहिले, देवमण पाहिले, पायांवरून हात फिरवले आणि मग चाल दाखवा म्हणाले. त्यांच्या पोराला घोडीने पाठीवर घेतले नाही. घरच्या मुलाला घेतले, पण ती पाणंदीच्या तोंडाशी जाऊन वळली आणि थांबली. गावातले दहा-बारा बाप्ये कट्ट्यावर बसून पाहत होते. सौदा मोडतो असे दिसल्यावर बापाने आत हाक मारली. मुलगी सलवार-कमीजवर, ओढणी कमरेला खोचून आली, कोणाकडे न पाहता बसली आणि घोडीला पाणंदीच्या टोकापर्यंत दुडकीत नेऊन, येताना भरधाव घेऊन आली. कट्ट्यावर कोणी बोलले नाही. गिऱ्हाइकाने विचारले, “कुणी तयार केलंय जनावर?” बाप म्हणाला, “घरचंच हाय.”

ती दोन वर्षांत चारचौघांसमोर उघडपणे घोडीवर बसली ती एवढीच एक वेळ, आणि त्या चालीवर भाव पाच हजारांनी वाढला. पैसे मोजून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या माणसाने घोडी हाती घेतली. त्या घरात जनावर विकताना दावे देत नाहीत, म्हणून मुलगी पुढे झाली, तिने गळ्यातील दावे सोडले, गिऱ्हाइकाने आणलेला नवा कासरा स्वतःच बांधून दिला आणि घोडी बुजू नये म्हणून टेम्पोच्या फळीवर चढेपर्यंत तिच्या डाव्या खांद्याशी चालत राहिली. ते जुने दावे आता तिच्या सायकलच्या कॅरिअरला दप्तर बांधायला आहे.